अर्ज, पोच आणि इतिवृत्त

नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या भिंतीला लागून प्रेक्षकांसाठी बाके ठेवलेली असतात. सभा कायद्याने सर्वांना खुली आहे. खास ठरवून दारे बंद केली नाहीत, तर कोणीही नागरिक त्या बाकांवर येऊन बसू शकतो. तो तिथे बसून ऐकू शकतो, पण बोलू शकत नाही. बोलण्याचा अधिकार सभासदांचा. माझी नोकरीची बहुतेक वर्षे खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या सभा शाखेत गेली. सभेत कोण काय बोलले, सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव एकमताने झाला की बहुमताने, हे इतिवृत्तात उतरवणे माझे काम. माझी खुर्ची व्यासपीठाला खेटून असे. तिथून नगराध्यक्षांचा शब्द न् शब्द ऐकू येई, बाकांवरची कुजबुज मात्र पोहोचत नसे.

मी धुळ्याचा, गल्लीत वाढलेला. बहीण जळगावला दिलेली, त्यामुळे त्या शहरातही माझे जाणे-येणे कायमचे. मागच्या बाकांवर बसणाऱ्या माणसाने आपले म्हणणे पुढच्या टेबलापर्यंत पोहोचवण्यासाठी या दोन शहरांत दीडशे वर्षे काय काय केले, ते मला सांगायचे आहे. कारण ती धडपड अजून पुरी झालेली नाही.

नगरपालिका येण्याआधीही खानदेशाला सभा ठाऊक होती. पांझरेच्या काठच्या गावांत फड पद्धतीने बागायत चाले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणता फड कोरडा ठेवायचा, पाटातला गाळ काढायला कोणी यायचे, हे बागायतदारांच्या बैठकीत ठरे. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. आपल्या शेताला पाणी कमी आले, तर शेतकरी त्याच बैठकीत उठून सांगे आणि पाटकऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. ज्याला पाटाखाली जमीन नाही त्याला तिथे जागा नव्हती, बायकांनाही नव्हती. पण पाणी वापरणारा आणि पाण्याचा निर्णय घेणारा एकाच बैठकीत बसत होते. शहरात हीच गोष्ट हरवली.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्या वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले. तेव्हा धुळ्यात ४०१ घरे होती आणि माणसे २,५०९. जुन्या धुळ्याच्या शेजारी सरळ, आखीव रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. आजही धुळ्यात माणूस आपला पत्ता गल्लीच्या नंबरानेच सांगतो. व्यापारी आणि कारागीर बाहेरून आणून वसवले गेले. गाव साहेबाने आखले, बाजार साहेबाच्या परवानगीने भरला, आणि रहिवाशाच्या वाट्याला आला तो अर्ज. कचेरीबाहेर अर्जनवीस बसत. मायबाप सरकारच्या हुजुरास लीनतेने विनंती करणारा कागद चार पैसे घेऊन लिहून देत.

अर्ज ऐकला गेला नाही तर लोक काय करतात, हे १८५२ मध्ये दिसले. सरकारने खानदेशात जमीन-मोजणी सुरू केली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही धास्ती गावोगावी पसरली होती आणि मोजणी करण्याआधी रयतेला कोणी काही विचारलेले नव्हते. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत हजारो लोक जमले आणि त्यांनी मोजणीचे काम अडवले. अखेर सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडले आणि उठाव मोडला. हे बंड शस्त्राचे नव्हते. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या जमिनीवर मोजणीची साखळी टाकू नका, एवढेच त्या गर्दीचे म्हणणे होते.

यानंतर दहा वर्षांनी, १८६२ मध्ये, धुळ्याला नगरपालिका आली आणि १८६४ मध्ये जळगावला. त्या आधीच्या १८५० च्या कायद्यात एक कल्पना मोठी चांगली होती: रहिवाशांनी मागणी करावी आणि मग नगरपालिका व्हावी. कागदावर पाया रहिवाशांच्या इच्छेचा होता. प्रत्यक्षात कारभारावर कलेक्टरसाहेबांची छाया असे आणि सभासद सरकारने नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ असत. जळगावची वेळ तर पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेशचा कापूस हवा होता. रेल्वे आलेली होती. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झाले, आणि त्याच भरभराटीत नगरपालिका जन्मली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, व्यापारी बुडाले; तरी गाव टिकले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापड गिरणी आली, पोलन पेठेसारखी नवी वस्ती झाली, मेहरूणच्या तलावातून नळाने पाणी आले. १९०१ च्या शिरगणतीत जळगावची वस्ती १६,२५९ आणि धुळ्याची २४,७२६ भरली.

वस्ती वाढली तशी गाऱ्हाणीही वाढली. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यात घरादारांचे फार नुकसान झाले. पूर, गटार, दिवाबत्ती, भंगी-मेहतरांची व्यवस्था, जकातीच्या नाक्यावरची अडवणूक, घरपट्टी या गोष्टी कलेक्टरच्या दरबारापेक्षा गल्लीच्या तोंडाशी जास्त भिडणाऱ्या होत्या. पण सभेत बसणाऱ्यांना गल्लीने निवडलेले नव्हते, म्हणून गल्लीला दुसरी वाट शोधावी लागली. ती वाट होती वर्तमानपत्राची. धुळ्याला ‘खानदेश वैभव’ आणि जळगावला ‘प्रबोधचंद्रिका’ ही साप्ताहिके निघत. सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा सारांश दर आठवड्याला इंग्रजीत करून घेत असे. त्यामुळे धुळ्यातले गाऱ्हाणे गावच्या सभेने कानाआड केले, तरी छापून आल्यावर ते मुंबईच्या सचिवालयात एखाद्या टेबलावर पोहोचण्याची शक्यता असे. शहरच्या माणसाने आपला शब्द नोंदवण्यासाठी काढलेला हा पहिला आडमार्ग.

मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. त्याला धरून मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा आला आणि नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांना मोठी जागा मिळाली. मत मात्र कर भरणाऱ्यांना आणि शिकलेल्या थोड्यांनाच होते. वकील, सावकार, व्यापारी सभेत आले. त्यांच्यातल्या पुष्कळांनी मनापासून काम केले हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांच्या वस्तीत दिवा नव्हता, त्यांना मतही नव्हते.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले आणि तिथल्या अर्जदाराची धुळ्याची खेप वाचली. त्याच सुमारास पुण्यात नामदार गोखले नगरपालिकेचे अध्यक्ष होते. सभासदांनी कारभारावर प्रश्न विचारावेत आणि सभेचे कामकाज छापून प्रसिद्ध व्हावे, अशी प्रथा त्यांनी तिथे पाडली. आम्ही सभा शाखेतले लोक ज्याला रोजचे काम समजतो, त्यामागे हा केवढा विचार आहे! सभेत काय झाले हे बाहेरच्या माणसाला वाचता आले, तरच त्याला पुढच्या वेळी जाब विचारता येतो.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही, हे आपल्या इलाख्याने फार कडवटपणे अनुभवले आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चालत जाऊन चवदार तळ्याचे पाणी घ्यावे लागले, आणि त्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. इतिवृत्ताच्या वहीत खुले असलेले तळे काठावर बंद होते. सभेचा कोणताही इतिहास सांगताना ही गोष्ट विसरता कामा नये: वहीतला ठराव खरा करायला शेवटी माणसांना रस्त्यावर यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले, आणि १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने कारभाराला आजचे रूप दिले. मी नोकरीला लागलो तो याच अधिनियमाच्या काळात. नागरिकाच्या अर्जाचा प्रवास मी रोज पाहिला. अर्ज आधी आवक-जावकला येतो. तिथे शिक्का बसतो, नंबर पडतो, अर्जदाराला पोच मिळते. मग तो संबंधित शाखेत जातो. शाखेचा लिपिक टिपणी लिहितो, अभियंता अंदाजपत्रक करतो, लेखा शाखा तरतूद आहे का ते बघते, मुख्याधिकारी शेरा मारतात. एवढे सगळे झाले आणि विषय सभेपुढे न्यायचा ठरला, तर तो विषयपत्रिकेवर येतो. सभेत सूचक, अनुमोदक, ठराव. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायचे आणि मग अंमलबजावणी. या साखळीत अर्जदार फक्त पहिल्या खिडकीशी असतो. पुढच्या कुठल्याही टप्प्यावर त्याला कोणी बोलावत नाही.

विषयपत्रिकेच्या शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ असतात. आधी कळवलेले नसलेले, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी घेतलेले. सभेची शक्ती तोवर संपलेली असते, अर्धे सभासद उठून गेलेले असतात, आणि कितीतरी मोठे निर्णय या शेवटच्या पाच मिनिटांत होतात. बाकांवर बसलेल्या नागरिकाला तर हे विषय येणार आहेत याची खबरही नसते.

एका उन्हाळ्यात आमच्या सभागृहात हंडा मोर्चा शिरला. बायका रिकामे हंडे घेऊन जिन्याने वर आल्या आणि सभेच्या मधोमध बसल्या. त्यातली एक वयस्क बाई उभी राहून अहिराणीत म्हणाली, “आमनी गल्लीमा आठ दिनपाईन पानी ऊनं नही. तुमना घरमा येस का?” सभागृह गप्प झाले. मग अध्यक्षांनी सभा थोड्या वेळासाठी तहकूब केली, बायकांना खाली नेऊन पाणीपुरवठा अभियंत्यांशी बोलणे करून दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत टँकर गेला. इतिवृत्तात मला एवढेच लिहिता आले की अमुक वाजता सभा तहकूब झाली आणि अमुक वाजता पुन्हा सुरू झाली. नियम स्पष्ट होता: जो सभासद नाही, त्याचे भाषण नोंदवता येत नाही. त्या दिवशी सभागृहात सगळ्यांत महत्त्वाचे जे बोलले गेले, त्याला शहराच्या दप्तरात जागा नाही. ते वाक्य मी आज इथे लिहितो आहे.

ज्यांची कामे झाली, त्यांची रीतही मी पाहिली. खानदेशातली शहरे गेल्या काही दशकांत वाढली ती प्लॉट पाडून. शेत बिनशेती व्हायचे, ले-आऊट मंजूर व्हायचा, शिक्षक, बँकवाले, एसटीतले लोक प्लॉट घ्यायचे आणि कॉलनी उभी राहायची. घरे आधी, रस्ता-गटार मागाहून. प्रत्येक ले-आऊटमध्ये सर्वांसाठी सोडलेली खुली जागा असते, आणि त्या जागेवर कोणाचा ना कोणाचा डोळा असतो. अशा कॉलन्यांतले निवृत्त मास्तर पुढे येत. ते शंभर वेगवेगळे अर्ज करत नसत. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करत. सोबत मंजूर नकाशाची प्रत जोडत. पोच जपून ठेवत आणि महिन्याने त्याच पोचेचा नंबर घालून स्मरणपत्र देत. सभेच्या दिवशी बाकांवर येऊन निमूट बसत. आपल्या मतदारांची ओळखीची तोंडे समोर दिसली की त्यांचा नगरसेवक उठून बोलल्याशिवाय राहत नसे. चिकाटी आणि कागद यांची ही शक्ती मी फार मानतो.

पुढे कायदेही बदलले. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. स्त्रिया सभेत आल्यावर नळाची वेळ, शौचालये, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे हे विषय अधिक वेळा इतिवृत्तात येऊ लागले, हे मी लिहिणाऱ्याच्या अधिकाराने सांगतो. त्यांच्यातल्या पुष्कळजणींना घरच्या पुरुषांनी पुढे केले होते हे खरे. पण वर्षभरात त्या स्वतः अभियंत्याला अंदाजपत्रकातली रक्कम विचारू लागत. माहितीचा अधिकार आला, आणि इतिवृत्ताची प्रत मागणारे नागरिक आमच्या शाखेत दिसू लागले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरू लागला, तिथे अर्जदाराला अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलता येते.

२००३ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. नगरपालिकेच्या काळातल्या जळगावच्या घरकुल योजनेची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी अकरा हजारांहून अधिक घरे बांधण्याचे ठरले होते. कर्ज निघाले, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या गेल्या, आणि घरे उभी राहिली ती त्यातली थोडीच. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांत माजी नगरसेवकांची संख्या मोठी होती. निकालाविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. मला त्यातून दिसले ते हे, की सभेत वर केलेला हात म्हणजे जबाबदारी असते. ठरावाच्या खाली नाव आले की ते वर्षानुवर्षांनीही बोलते. पण घराची वाट पाहणाऱ्या झोपडीतल्या माणसाला हे वीस वर्षांनी कळून काय उपयोग? त्या सभांच्या वेळी घरे किती झाली, पैसे किती गेले, हे विचारण्याचा अधिकार त्याला सभागृहात असता, तर प्रश्न वेळेवर विचारला गेला असता.

२०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबली. कारभार प्रशासकाकडे गेला. नकाणे, डेडरगाव, तापी अशा एकामागून एक योजना करूनही धुळ्याला पाण्याची वाट पाहावी लागते. मेहरूण, गिरणा आणि मग वाघूर असा जळगावचा प्रवास झाला तरी उन्हाळ्यातली काळजी मिटलेली नाही. अशा शहरांत सभाच नसणे फार वाईट. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याच्या निर्णयाला सूचक लागत नाही, अनुमोदक लागत नाही, आणि विरोधात बोलणाराही कोणी नसतो. त्या काळात मागची बाके पुसून ठेवली काय आणि न ठेवली काय, त्यांच्या समोर सभाच नव्हती.

माझी मागणी साधी आहे, आणि ती कायद्याच्या बाहेरची नाही. धुळे तालुक्यातल्या खेड्यात राहणारा माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तोच माणूस मुलांच्या शिक्षणासाठी धुळे शहरात देवपूरला राहायला आला की हा हक्क गमावतो. गावातून शहरात आल्यावर माणसाचे नागरिकत्व कमी का व्हावे? महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्या भागातले सर्व मतदार हे सभेचे सदस्य, आणि त्यांच्यासमोर त्यांचा नगरसेवक. तीन लाखांवरच्या वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत, आणि त्यांवर नागरी संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९ होते. म्हणजे दोन्ही शहरे या तरतुदीत बसतात. तरी क्षेत्रसभा हा शब्द या दोन शहरांतल्या किती घरांत ऐकू येतो?

क्षेत्रसभा भरवायला मोठी इमारत लागत नाही. कॉलनीची खुली जागा पुरते, मनपा शाळेचा वर्ग पुरतो. नगरसेवक, पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि आरोग्य निरीक्षक एवढ्यांनी यावे, विषयपत्रिका आठ दिवस आधी गल्लीत लावावी, आणि एका लिपिकाने इतिवृत्त लिहावे. त्या इतिवृत्तात प्रत्येक बोलणाऱ्याचे नाव आणि म्हणणे असावे, तो सभासद असो वा नसो. मागच्या सभेत दिलेल्या शब्दाचे काय झाले, हा पुढच्या सभेचा पहिला विषय असावा. माझ्यासारखे निवृत्त सभा-लिपिक दोन्ही शहरांत पुष्कळ आहेत. लिहायला आम्ही येऊ. नागरिकांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे क्षेत्रसभेची लेखी मागणी करावी, सगळ्यांच्या सह्यांनिशी करावी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.